परतीची आग

३ फेब्रुवारी, पौड

ही वही मी हौसेनं लिहीत नाही, हे आधीच लिहून ठेवते. विठ्ठलराव उस्तादांनी आज पलटणीतल्या आम्हा सगळ्या आगहातांना एकेक वही दिली आणि म्हणाले, "रोज लिवायचं. राग आला तर हितं काढायचा, हातातनं न्हाई."

माझ्याबरोबरचा अमोघ वाराहात, वारा त्याच्या हाताचं ऐकतो. त्यानं विचारलं, आम्हाला वही का नाही? उस्ताद म्हणाले, "तू चिडलास तर दोरीवरचे कपडे उडत्यात. ही चिडली तर दोरी बी जाती." सगळे हसले. मीही हसले, पण बाकावर माझ्या चार बोटांचे काळे ठसे उठले. आता नाव नदीचं, गौतमी, आणि नाकावर राग, त्याला मी तरी काय करणार?

४ फेब्रुवारी

आज पहिला तास. आपल्याकडं दर चार-सहा गावांमागं एखादं पोर हातात काहीतरी घेऊन जन्माला येतं. कुणाच्या हाताला पाणी ऐकतं, कुणाच्या वारा, कुणाच्या माती, कुणाच्या आग. डोंगर पलटण अशाच पोरांची. उन्हाळ्यात वणवे, पावसाळ्यात दरडी, हे आमचं काम. उस्ताद स्वतः मातीहात. सरळ उभे राहिले तरी त्यांच्या पायाखाली जमीन जरा नीट बसल्यासारखी वाटते.

आगहात कसा ओळखायचा, ते त्यांनी सांगितलं. त्याला थंडी वाजत नाही. त्याच्या हातातला चहा गार होत नाही. आणि जो आगहात लपवतो, तो चार माणसांत हात मागं बांधून उभा राहतो. मी तर कधी लपवला नाही. तिसरीत असताना गुरुजींची छडी जाळली होती.

मग त्यांनी टेबलावर चामड्याचे मोजे ठेवले. मनगटाला छोटं कुलूप. आग लावता येणं पुरेसं नाही, लावलेली परत हातात घेता आली पाहिजे. त्याची परीक्षा तीनदा देता येते. तिन्ही वेळा नापास झालेल्या आगहाताला हे मोजे घालून घरी पाठवतात, जन्मभरासाठी. प्रत्येकाच्या मापाचे आधीच शिवून ठेवलेत. माझे डावीकडून दुसरे.

त्यानंतर मी जेवले नाही. कुणाला सांगितलं नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

आप्पा आले होते. नांद्याहून पौडपर्यंत सकाळच्या गारठ्यात मोटारसायकलवर, अंगात नुसता सदरा. म्हटलं, स्वेटर कुठंय? तर म्हणाले, "कशाला?" फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली बाकावर बसले. डबा पुढं केला. बाजरीची भाकरी, पिठलं, ठेचा. पिठल्यातून वाफ येत होती. आईनं नवा डबा घेतलेला दिसतोय, चांगला गरम राहतो.

आप्पा मी जेवेपर्यंत बसून राहिले, मग डबा धुतला आणि म्हणाले, "घरी चल, गौते." मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, बरं. आणि गेले.

एवढ्यासाठी पेट्रोल जाळलं!

१६ फेब्रुवारी

आज पुन्हा आप्पा, पुन्हा डबा, पुन्हा "घरी चल." मला रडू आलं आणि त्याचाच राग आला. म्हणून वहीत काढते.

माझ्या बापाइतका आगीला भिणारा माणूस मी पाहिला नाही. बिडी ओढत नाहीत. चूल पेटवत नाहीत. देवापुढं दिवा आई लावते, ते लांब उभे राहून हात जोडतात, तेही घाईनं. मला हात फुटला तेव्हा आईनं निदान कपाळाला हात लावला. आप्पा नुसते परसात जाऊन बसले आणि संध्याकाळपर्यंत आत आले नाहीत.

आणि घर तरी कसलं? अंगणाच्या मधोमध भिंत. पलीकडं हैबत आबा, म्हणजे आप्पांचे थोरले भाऊ. मी दुसरीत होते तेव्हा बांधावरून दोघा भावांचं कडाक्याचं भांडण झालं, आणि त्याच संध्याकाळी आबांचा गोठा जळाला. कंदील लवंडला म्हणतात. आबांचा राजा नावाचा बैल त्यात गेला. मला आठवतंय ते एवढंच, की आप्पा अंगणात बसले होते आणि हात मातीत कोपरापर्यंत पुरून घेतले होते. दुःखानं माणूस काहीही करतो. त्यानंतर भिंत आली. कंदिलाच्या चुकीसाठी भाऊ भावाशी बोलत नाही, हा कुठला न्याय? पण आमच्याकडची माणसं बांधासाठी जीव देतील.

आबांचा किशोर तेवढा माझ्याशी बोलतो. तेही भिंतीच्या कोपऱ्याला विटा निखळल्यात तिथून.

१ मार्च

नापास. पहिल्यांदा.

मैदानात चुन्याचं रिंगण मारलेलं असतं, मध्ये गवताचा भारा. वीस पावलांवरून पेटवायचा आणि आग चुन्याला शिवायच्या आत तळहातावर परत आणायची. पेटवण्यात माझा हात धरणारा कोणी नाही. भारा असा भडकला की कावळे उडाले. मग मी ओढायला लागले. दात खाऊन ओढलं, शिव्या देऊन ओढलं. जितकी ओढावी तितकी ती पसरायला लागली. चुना ओलांडून निघाली कँटीनकडं. शेवटी पाणहाताच्या पोरींनी मला आगीसकट भिजवून काढलं.

उस्ताद म्हणाले, "हुकूम सोडतीस जणू ती तुझी नोकर हाय." मी म्हटलं, मग काय पाया पडू? तर म्हणाले, "त्ये मला ठावं न्हाई. मी मातीवाला. माझी माती कुटं जात न्हाई."

हे असले उस्ताद.

१३ मार्च, होळी

होळीला आगहातांना रजा नसते, बंदोबस्त असतो. नशीब बघा, मला नांदेच मिळालं. गणवेशात आपल्याच गावच्या होळीला उभं राहायचं म्हणजे सगळ्या चुलत्या-मावश्या नखशिखान्त बघून घेतात. एक म्हातारी म्हणाली, "पोरगी शिपाई झाली, आता पावनं कसं यायचं?" मी म्हटलं, येतील की, स्वेटरशिवाय.

एक विचित्र झालं. होळीतला एक नारळ फुटून, पेटलेला, गडगडत गर्दीत गेला. समोर तीन वर्षांचं पोर, अनवाणी. मी धावले, पण माझ्या आधी मागं देवळाच्या भिंतीशी उभे असलेले आप्पा पुढं झाले. त्यांनी वाकून तो नारळ हातानं उचलला आणि होळीत परत टाकला. आणि पुन्हा हात मागं बांधून आपल्या जागी. भाजलं नाही. नारळ तोवर विझला असावा, लांबून नीट दिसलं नाही.

हैबत आबा पलीकडून ते बघत होते. मग कितीतरी वेळ आप्पांच्या पाठीकडंच बघत राहिले. इतक्या वर्षांत आबांनी आप्पांकडं मान वळवलेली मी पहिल्यांदा पाहिली.

घरी पुरणपोळी खाऊन परत. आप्पा जेवायला बसले नाहीत. आई म्हणाली, "त्यांना धूर सोसत न्हाई."

३० मार्च, पाडवा

आप्पा डब्यात श्रीखंड घेऊन आले. उकळी फुटल्यागत पातळ होऊन गेलं होतं. ऊन फार आहे यंदा. अमोघ ते ग्लासात ओतून प्यायला आणि म्हणाला, "काका, सिरियसली बेस्ट." त्याचे आईवडील लातूरकडचे, हिंजवडीत नोकरीला, राहायला सूसमध्ये नवव्या मजल्यावर. ते अजून एकदाही आले नाहीत, मीटिंगा असतात. तो म्हणाला, "तुझे बाबा दर संडेला येतात यार." मी म्हटलं, मला न्यायला येतात, भेटायला नाही. तो म्हणाला, "तरी येतात ना."

वाराहाताची माणसं अशीच. उगाच मधून वाहतात.

५ एप्रिल

दुसऱ्यांदा नापास.

काही लिहायचं नाही.

१३ एप्रिल, रविवार

लिहायलाच हवं, नाहीतर गादी पेटेल.

आप्पा आज एक वाक्य जास्त बोलले. "घरी चल, गौते. झालं तेवढं बास. ती आग मोठी हुते, माणूस न्हाई." माझी तिसरी परीक्षा राहिलीय, रोज रात्री ते मोजे स्वप्नात येतात, आणि बाप म्हणतो, बास. मी उभी राहिले. सगळ्या फाटकासमोर म्हटलं, "तुम्ही आयुष्यात काडी ओढली नाही. तुम्हाला काय कळतं आगीतलं? भिऊन भिऊन जगलात आणि मलाही तेच शिकवताय. पुन्हा येऊ नका. डबा पण नको."

आप्पांनी डबा उचलला. नेहमीसारखा नळावर धुतला. पुसला. गाडीला लावला. गेले.

मी बाकावर बसले तर त्यांच्या जागची फळी अशी तापलेली, की उठावं लागलं. कडुनिंबाच्या सावलीतसुद्धा इतकं ऊन लागतंय.

बोलले ते खरंच होतं. मग सारखी फाटकाकडं का बघतेय?

२० एप्रिल, रविवार (रात्री, पौड)

आजचं सगळं लिहिणार आहे.

सकाळपासून मी आणि अमोघ टेहळणीला होतो, नांदे आणि सूस यांच्या मधल्या टेकडीवरच्या चौकीत. एका बाजूला खाली आमची भाताची खाचरं, दुसऱ्या बाजूला खाली सूसच्या इमारती. अमोघ मला त्याच्या घराची गॅलरी दाखवत होता, तिथं त्याच्या आईनं चादरी वाळत घातल्या होत्या.

दुपारी किशोर घाम पुसत वर आला. हातात आमचा डबा. "आप्पांनी दिलाय. म्हनले, मी येऊ नगं असं गौतीनं सांगितलंय, तू दे. आमच्या आबाला सांगू नगंस." मी डबा उघडला. भाकरी गार, पिठलं थिजलेलं. तोच डबा. तोच कोपऱ्याला चेपलेला जुना डबा, मी शाळेत न्यायचे तो. नवा नव्हताच. मी त्या थिजलेल्या पिठल्याकडं बघत राहिले आणि काहीतरी ध्यानात येत होतं, तेवढ्यात किशोर ओरडला.

"आमच्या राबाकडनं धूर! आबा... आरं, उद्या पहाटं दोघं मिळून करू म्हनलं हुतं की!"

राब म्हणजे भाताच्या रोपांसाठी वाफा भाजतात तो. शेण, फांद्या, पालापाचोळा पसरायचा, वर माती दाबायची आणि पहाटे वारा नसताना पेटवायचा. आणि राब कधी एकट्यानं भाजायचा नसतो. एकानं पेटवायचा, दुसऱ्यानं पलीकडच्या टोकाला हिरवी फांदी घेऊन उभं राहायचं. आमचा आणि आबांचा वाफा एकाच बांधाला लागून. पूर्वी दोघं भाऊ दोन टोकांना उभे राहून दोन्ही वाफे एका दिवशी भाजायचे. भिंत आल्यापासून ज्याचं त्यानं. आणि आज हट्टी म्हाताऱ्यानं, किशोरची वाट न बघता, भर दुपारी एकट्यानं पेटवला होता. पलीकडच्या टोकाला कोणी नव्हतं.

वारा टेकडीकडं. आग बांध ओलांडून वाळल्या गवताला लागली होती आणि वर निघाली होती, आमच्याकडं. आमच्या पाठीमागं सूस.

पौडला फोन केला. उस्ताद म्हणाले, निघालो, पण रविवार हाय, धरणाकडच्या गाड्यांनी रस्ता तुंबलाय, पाऊण तास धरा. पाऊण तासात ती अमोघच्या आईच्या चादरींपर्यंत गेली असती.

अमोघनं दोन्ही हात वर केले आणि वारा अडवला. त्याचं तोंड लालबुंद. "पळ. मी जास्त वेळ नाही धरू शकत."

मी आणि किशोर जाळाला वळसा घालून धावत खाली. हैबत आबा बांधावर एकटे फांदीनं आग झोडत होते. धोतराचा सोगा जळालेला. ऐंशी पावलं लांबीचा जाळ आणि म्हातारा एका फांदीनं! आणि बांधाच्या अलीकडं आप्पा उभे. पळत आले असणार, छाती भात्यासारखी चाललेली. पण हात मागं. त्या वेळी, त्या जाळासमोर, हात मागं बांधून.

मला वाटलं, आता हा माणूस माझ्या मनातून कायमचा उतरणार.

तेवढ्यात आबांनी वळून पाहिलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा भावाला हाक मारली. "चंद्या! बघत काय ऱ्हायलास? हात घाल!"

आप्पा म्हणाले, "न्हाई दादा. ह्याच हातानं तुजा गोठा..."

"गेला तवा गेला गोठा!" आबा ओरडले. "राजा बी गेला. रडून झालं माजं. आता डोंगर चाललाय. मी सांगतुया, तुजा थोरला भाऊ सांगतुया, हात घाल!"

आप्पांनी हात पुढं केले.

हे मला नीट लिहिता यावं. त्यांनी काही केलं नाही. तळहात उघडे धरून ते नुसते उभे राहिले. आणि बांधावरची आग थांबली, वळली, आणि संध्याकाळी गुरं आपापल्या दाव्याला येतात तशी एकेक जीभ त्यांच्या हाताकडं यायला लागली. घाई नाही, आवाज नाही. आबांचा वाफा, आमचा वाफा, खालचा बांध, सगळं काळं होऊन शांत होत गेलं.

मी तोंड उघडं टाकून बघत होते. बिडी, चूल, दिवा. सदऱ्यातला बाप. नारळ. पातळ श्रीखंड. तापलेली फळी. आणि डबा, देवा, तो डबा! नांद्यापासून पौडपर्यंत कोण जाणे कसा, मांडीवर घेऊन, तळहाताखाली धरून आणत होते. दर रविवारी मला गरम मिळावं म्हणून तेवढीच आग वापरत होते. आणि मी त्यांना म्हटलं, तुम्हाला काय कळतं.

"रडत उभी ऱ्हाऊ नगं," आप्पा म्हणाले. "वरचा जाळ लांब गेलाय, माझ्या हाताला येत न्हाई. तू वर जा. माथ्यावरनं पट्टा जाळ, तिला खायला काई ठिवू नगं. मी हितं हाय."

म्हणजे जे मला येत होतं ते, आणि मग जे येत नव्हतं ते. माथ्यावर आडवा पट्टा जाळून टाकायचा, की खालून येणारा वणवा तिथं उपाशी मरेल. पण तो पट्टा जाळणारी माझी आग परत आली नाही, तर तीच पलीकडं सूसला उतरणार. शिकाऊ शिपायाला हुकमाशिवाय आग लावायची परवानगी नाही, हेही आठवलं. हात दाखवून अवलक्षण, पण दुसरा रस्ताच नव्हता.

त्याच वळशानं माथ्यावर पोचले. पेटवला. या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात. खालचा वणवा वर आला आणि काळ्या पट्ट्याशी येऊन भुकेला थांबला. आता माझी. मी हात पुढं केले आणि ओढली.

आली नाही. सूसच्या उताराला लागली. मी किंचाळले, शिव्या दिल्या. ती मोठी झाली. मागून अमोघचा रडवेला आवाज, "गौतमी, सुटतोय, वारा सुटतोय!"

आणि मला कडुनिंबाखालचा बाक आठवला. आप्पा दर रविवारी येऊन बसायचे. मी नाही म्हटलं तरी बसायचे. तोंड फिरवलं तरी बसायचे. ओढून नेलं नाही कधी, डबा उघडून पुढं ठेवायचा आणि बसायचं. मी जेवायचेच. दर वेळी जेवायचे.

मी खाली बसले. भर वणव्यात, मांडी घालून. हात गुडघ्यांवर उघडे ठेवले आणि गप्प राहिले. राग होता, तो असू दिला. भीती होती, तीही असू दिली.

आधी एकच जीभ आली. लाजत आल्यासारखी. तळहाताला लागली आणि कोपरापर्यंत ऊब चढली. मग दुसरी. मग उताराची सगळी कड वळली आणि माझ्याकडं आली, सगळी, सगळी, शेवटच्या ठिणगीपर्यंत. अमोघनं हात सोडले तेव्हा वारा धाडकन सुटला, आणि त्याला उडवायला नुसती राख होती. पलीकडं, खाली, चादरी पांढऱ्याशुभ्र.

आली! परत आली! मी तिथंच बसून इतकी ओरडले की घसा बसलाय.

खाली गेले तर दोघं भाऊ बांधावर. आबा आप्पांचे हात धरून उलटेसुलटे करून बघत होते, कुठं भाजलं का म्हणून. भाजणार कुठून? तरी बघत होते. "येवढा गुन हातात आन् माती खात बसलास," म्हणत होते आणि नाक ओढत होते. आप्पा लहान पोरासारखे उभे. मी म्हटलं, "आप्पा, मी चुकले." ते म्हणाले, "जेवलीस का?"

गार डबा चौकीतच राहिला होता. परत जाऊन मी, अमोघ आणि किशोर तिघांनी तो चाटूनपुसून खाल्ला.

२१ एप्रिल

उस्तादांनी सकाळी सगळ्यांसमोर उभं केलं. "हुकमाबिगर आग लावलीस. सजा, आठ दिस भांडी घासायची." मी म्हटलं, जी. "परत घेतलीस, त्ये मी डोळ्यानं बघितलं न्हाई. डोंगरावर कुणी चुना मारला न्हवता. तिसरी परीक्षा एक मेला, संचलनात, समद्यांम्होरं." मी म्हटलं, जी. मग जवळ येऊन हळूच, "भांडी नीट घास. शिपाई लई वंगाळ खात्यात, कढया करपल्यात."

आप्पांच्या हाताचं त्यांना कळलंच होतं. मला धास्ती, की मोजे आता त्यांना घालतात की काय. उस्ताद कालच बांधावर त्यांच्याशी बोलले म्हणे. काय बोलले ते आज सांगितलं, "ज्यानं बिनकुलपाचं येवढी वरसं सांभाळलं, त्याला मोजे कशाला? त्याला म्हनलं, रविवारी येतोसच, तर पोरांना तासभर परत घ्यायला शिकव."

"मग ते काय म्हणाले?"

"बरं म्हनला. जास्त बोलत न्हाई वाटतं."

२७ एप्रिल, रविवार

कढया घासून हाताची सालटं निघाली. आप्पांचा पहिला तास झाला. पंधरा आगहात समोर, आणि आप्पा अर्धा तास काहीच बोलले नाहीत. पोरं चुळबुळायला लागली. मग म्हणाले, "आता तुमी जसं कटाळून बसलाय ना, तसंच बसायचं." एवढ्यावर तास संपला. मी नंतर त्यांना सांगितलं, त्या दिवशी माथ्यावर मला तुमचा बाक आठवला, म्हणून आली ती. ते म्हणाले, "व्हय का." आणि नळावर डबा धुवायला गेले. डबा आधीच धुतलेला होता.

१ मे, महाराष्ट्र दिन

झेंडा, बँड, पांढऱ्या टोप्या, आणि मैदानाच्या मध्ये चुन्याचं रिंगण. टेबलावर मोजे. डावीकडून दुसरे.

पाहुण्यांच्या बाकांवर सूसचे लोक आले होते. अमोघचे आईबाबाही, दोघंही, मीटिंग सोडून. त्याच्या आईनं मला हात दाखवला आणि डोळे पुसले. मी बघत होते आमच्या घरच्यांसाठी. परीक्षा सुरू व्हायला आली तरी पत्ता नाही.

नाव पुकारलं. भारा पेटवला. कावळे उडाले, नेहमीप्रमाणं. जाळ चुन्याकडं सरकला. मी कडक इस्त्रीच्या गणवेशात, सगळ्या पाहुण्यांसमोर, जमिनीवर मांडी घातली.

उस्ताद कुजबुजले, "बसायला कुणी सांगितलं?"

"आग बसल्यावर येते, उस्ताद."

आणि आली. चुन्याला न शिवता, पाहुणीसारखी चालत, माझ्या तळहातावर. मी मूठ मिटली. असा टाळ्यांचा कडकडाट झाला की बँडवाल्यांनी चुकून सलामी वाजवली. अमोघनं आनंदानं सगळ्यांच्या टोप्या उडवल्या. पाहुण्यांच्यासुद्धा. त्याला आता आठ दिवस भांडी.

उस्तादांनी लाल पट्टी माझ्या बाहीवर लावली. मोजे उचलले, कुलूप उघडून काढून टाकलं आणि स्वयंपाक्याकडं फेकले, "घे, कढई उतरवायला."

तेव्हा फाटकातून मोटारसायकल आत आली. आप्पा चालवत होते, मागं हैबत आबा डबा छातीशी धरून. त्यांच्या मागं किशोरच्या गाडीवर आई. निघायला उशीर का, तर सकाळी अंगणातली भिंत पाडायला घेतली आणि अर्धी पडल्यावर सोडवेना. सगळ्यांच्या केसात विटांची धूळ.

आबा म्हणाले, "बग पोरी, सबंद वाटंनं मी डबा धरला हुता. गारढोन झाला." आणि डबा आप्पांच्या हातात दिला.

सगळं मैदान बघत होतं. नांद्याचे, सूसचे, पौडचे, पलटणीतले. आप्पांनी इकडं तिकडं पाहिलं. मग मागं बांधलेले हात सोडले, डबा दोन्ही तळहातांत धरला आणि तसेच उभे राहिले, मान वर करून. झाकणाच्या फटीतून वाफ आली.

"घे," ते म्हणाले. घरी चल म्हणाले नाहीत.

मी तिथंच, कडुनिंबाखालच्या बाकावर, लाल पट्टीसकट जेवायला बसले. पिठलं इतकं गरम होतं, की एवढ्या मोठ्या आगहाताची जीभ भाजली.